हातमोजे, मास्क, बूट आणि अंगावर उठलेलं पुरळ: आधी काय करायचं, मग काय

बडोद्याकडचा नंदेसरीचा केमिकल प्लांट असो, मकरपुऱ्याचं मशीन शॉप असो की रुग्णालयातला वॉर्ड, हाताला खाज सुटली की पुढचं सगळं ठरल्यासारखं होतं. कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून ट्यूब येते. चार दिवस बरं वाटतं. पुरळ पुन्हा उठतं, मग कुणीतरी सांगतं की हातमोज्याचीच ॲलर्जी आहे, आणि हातमोजे सुटतात. आता केमिकल किंवा कूलंट (मशीनवर धातू कापताना थंड ठेवणारं द्रव) थेट कातडीवर लागू लागतं, भेगा पडतात. शेवटी डॉक्टरकडे जावं, तर ट्यूबमुळे मूळ पुरळाचं रूपच पालटलेलं असतं.

हा क्रम उलटा लावायचा आहे. आधी पुरळ नीट बघायचं, मग केमिकल आत शिरण्याची वाट बंद करायची, मग गरज असेल तर संरक्षणाचं साधन, म्हणजे हातमोजे, मास्क किंवा बूट, बदलायचं. औषध त्यानंतर, तेही डॉक्टरनं बघून दिलेलं. फिरत्या मशीनजवळ हातमोजे नकोत (ते टप्पा ३ मध्ये), तेवढं सोडलं तर यातल्या कुठल्याही टप्प्यात साधनाशिवाय काम करायला सांगितलेलं नाही. साधन त्रास देत असेल तर दुसरं मागायचं, आणि ते मिळेपर्यंत त्या कामावरून बाजूला व्हायचं.

थांबा, हे आधी वाचा: हातमोजे घातल्यावर काही मिनिटांत गांधी उठल्या, ओठ किंवा पापण्या सुजल्या, घसा आवळल्यासारखा झाला, धाप लागली किंवा चक्कर आली, तर खाली दिलेले टप्पे करत बसू नका. हातमोजे काढा, मोकळ्या हवेत या आणि १०८ ला फोन लावा. रबराच्या दुधापासून बनणाऱ्या लॅटेक्सची तीव्र ॲलर्जी अशीच येते, आणि ती जिवावर बेतू शकते.

### टप्पा १: काहीही लावण्याआधी पुरळ बघा

दिवसाच्या उजेडात फोटो काढा. एक जवळून, एक थोडा लांबून, आणि एक साधन शेजारी ठेवून. पुरळ कुठे सुरू होतं आणि कुठे संपतं हे त्यात दिसायला हवं, कारण निदानाची निम्मी माहिती त्या कडेत असते.

हातांपासून सुरुवात करू. बोटांची बेचकी, अंगठीखालची जागा आणि बोटांची टोकं कोरडी, लाल, भेगाळलेली असतील, तर बहुतेक वेळा दोष सततच्या ओलाव्याचा, साबणाचा, कूलंटचा किंवा सॉल्व्हंटचा (थिनरसारख्या विरघळवणाऱ्या द्रवाचा) असतो. ही जळजळ आहे, ॲलर्जी नव्हे. कामामुळे होणाऱ्या त्वचादाहात हाच प्रकार सर्वांत जास्त दिसतो. उलट हाताची पालथी बाजू खाजते आहे, बारीक पाणीदार फोड आहेत आणि मनगटावर हातमोजा संपतो तिथेच पुरळही रेघ मारल्यासारखं थांबतं, तर हातमोज्यातल्या एखाद्या घटकाची ॲलर्जी असण्याची शक्यता मोठी. रबर लवकर पक्कं व्हावं म्हणून त्यात थायुराम, कार्बामेट, मर्कॅप्टोबेन्झोथायझोल अशी रसायनं घालतात, आणि ॲलर्जी बहुधा त्यांचीच असते. चामड्याच्या हातमोज्यांत संशय चामडं कमावताना वापरलेल्या क्रोमियमवर घ्यावा.

वेळेकडेही लक्ष द्या. ही ॲलर्जी लगेच उठत नाही. स्पर्शानंतर एक-दोन दिवसांनी, कधी तीन दिवसांनी उठते. त्यामुळे सोमवारी घातलेल्या हातमोज्याचं पुरळ बुधवारी दिसतं आणि दोष बुधवारच्या कामावर जातो. लॅटेक्सच्या गांधी मात्र काही मिनिटांत ते अर्ध्या तासात येतात आणि हातमोजे काढल्यावर काही तासांत विरतात.

बाकीच्या अंगाचं थोडक्यात. मास्कमुळे नाकाच्या हाडावर लाल वळ किंवा जखम झाली, तर तो दाबाचा परिणाम. गालांवर आणि हनुवटीवर मुरुमं आली, तर घाम, उष्णता आणि घासणं. कानामागे रेघ उठली, तर इलॅस्टिकचा संशय. हेल्मेटनं कपाळावर पट्टा उठला की आधी आतली घामपट्टी काढून बघा, ती किती महिने धुतलेली नाही ते कळेल. बुटात पायाच्या बोटांमध्ये पांढरी, ओली, सोलणारी कातडी म्हणजे चिखल्या. तळव्याला बारीक खड्डे आणि उग्र वास असेल तर जंतू. पावलाच्या वरच्या बाजूला दोन्ही पायांवर सारखंच खाजरं पुरळ असेल, तर बुटाचं चामडं किंवा गोंद. ओव्हरऑलखाली पाठीवर टाचणीच्या टोकाएवढे दाणे म्हणजे घामोळं. जांघेत कडेनं लाल, मधे फिकट आणि रोज थोडं पसरणारं वर्तुळ असेल, तर ते गजकर्ण.

तपासणी: सुट्टीत पुरळ ओसरतं का, आणि कामावर परतल्यावर किती दिवसांनी उठतं, हे मोबाइलमध्ये तारखेसह लिहून ठेवा. दोन आठवड्यांची नोंद पुरते.

### टप्पा २: केमिकल आत शिरतं कुठून ते शोधा

हा टप्पा लोक हमखास गाळतात, म्हणून इथे जरा थांबू या.

हातमोजा ओला हात, उष्णता आणि केमिकल यांना एकत्र कोंडून ठेवतो. उघड्या हातावरचा थेंब पुसला तरी जातो, निदान वाळतो. हातमोज्यात शिरलेला थेंब तासन् तास कातडीला चिकटून राहतो आणि जास्त खोल मुरतो. म्हणून आतून खराब झालेला हातमोजा न घातलेल्या हातमोज्यापेक्षाही वाईट ठरू शकतो.

थेंब आत जाण्याच्या वाटा नेहमीच्याच आहेत. चहाच्या सुट्टीत हातमोजा मळक्या बोटांनी ओढून काढला आणि त्याच बोटांनी परत घातला. दोन्ही हातमोजे एकात एक खोचून खिशात ठेवले, त्यामुळे एकाची बाहेरची बाजू दुसऱ्याच्या आत लागली. डोक्याच्या वरच्या पाइपवर काम करताना द्रव ओघळून मनगटातून आत गेला. अशा कामाला लांब बाहीचा हातमोजा घ्या आणि त्याची कड बाहेरून दुमडा, म्हणजे ओघळ तिथे अडतो. एकदाच वापरायचे पातळ हातमोजे धुऊन दुसऱ्या दिवशी घातले.

पुन्हा वापरायचे जाड हातमोजे रोज तपासा. बाहेरून धुऊन पुसा, मनगटाकडून गुंडाळत हवा बोटांकडे दाबा आणि बोटं फुगलेली राहतात का ते बघा. हवा सुटली तर हातमोजा टाकून द्या. तोंडानं फुंकून तपासू नका.

भोक नसलेल्या हातमोज्यातूनही केमिकल जातं. काही सॉल्व्हंट रबरातच मुरून काही मिनिटांत पलीकडे पोचतात आणि बाहेरून काही दिसत नाही. हातमोजा फुगला, मऊ पडला, कडक झाला किंवा त्याचा रंग बदलला, तर त्याचं आयुष्य संपलं.

इशारा: हातमोज्याच्या आत केमिकल गेल्याचं कळताच काम सोडा. हातमोजा काढा आणि वाहत्या पाण्याखाली किमान १५ मिनिटं हात धरा. "बॅच संपवून धुतो" हे वाक्य भाजलेल्या हातांच्या गोष्टींत फार वेळा येतं.

### टप्पा ३: हातमोजा कामाला जुळतो का

प्रत्येक केमिकलसोबत सुरक्षा माहितीपत्रक येतं. त्याचा आठवा भाग तुमच्यासाठी आहे. कोणत्या पदार्थाचा हातमोजा हवा हे तिथे लिहिलेलं असतं. सुपरवायझरकडे तेवढं एक पान मागा. ते मागणं तुमचा हक्क आहे.

ढोबळ मानानं, नायट्राइल (एक कृत्रिम रबर) तेल, ग्रीस आणि बऱ्याच पेट्रोलियम पदार्थांना चांगलं, पण ॲसिटोनसारख्या कीटोन जातीच्या सॉल्व्हंटपुढे टिकत नाही. तिथे ब्युटाइल रबर लागतं. लॅटेक्स पाणी आणि सौम्य कामापुरतं ठीक, तेलापुढे लगेच हार मानतं. पीव्हीसी आणि निओप्रीन अनेक ॲसिड-अल्कलींना चालतात, तरी नेमक्या केमिकलसाठी आणि तीव्रतेसाठी माहितीपत्रकच खरं. लॅटेक्सची ॲलर्जी असेल तर नायट्राइल सुरक्षित आहे. पण ॲलर्जी थायुरामसारख्या रसायनांची असेल, तर साध्या नायट्राइलनं पुरळ जाईलच असं नाही, कारण त्यातही ती असू शकतात. तेव्हा ॲक्सिलरेटर-मुक्त (म्हणजे ही रसायनं न घातलेले) असं लिहिलेलं खोकं मागावं लागतं. "लॅटेक्स बदलून नायट्राइल दिलं, तरी याचं रडगाणं चालूच" असं ज्याच्याबद्दल बोललं जातं, त्याचं पुरळ बहुतेकदा खरं असतं.

सुती विणलेले हातमोजे तेलाच्या किंवा सॉल्व्हंटच्या कामाला वापरू नका. कापड ते शोषून घेतं आणि दिवसभर हाताला लावून ठेवतं. पावडर लावलेले हातमोजेही नकोत.

माप बघा. घट्ट हातमोजा घासतो आणि घाम कोंडतो. सैल हातमोजा मनगटावर तोंड उघडतो.

इशारा: लेथ, ड्रिल किंवा कुठल्याही फिरत्या भागाजवळ हातमोजे घालू नका. कापड किंवा रबर अडकलं की हात ओढला जातो. तिथे कातडी जपायची ती कूलंट नीट ठेवून: पाण्यातलं प्रमाण ठरल्याप्रमाणे मोजून, स्प्लॅश गार्ड लावून, आणि वापरलेल्या कॉटन वेस्टनं (मशीन पुसायच्या सुती धाग्यांनी) हात न पुसता. त्या वेस्टमध्ये धातूचा चुरा असतो. तो कातडीवर न दिसणारे ओरखडे पाडतो आणि कूलंट त्यातून आत जातं.

### टप्पा ४: शिफ्ट सुरू होताना, याच क्रमानं

१. अंगठी, घड्याळ, मनगटावरचा धागा काढा. साबण आणि केमिकल त्याखाली अडकतात. धागा श्रद्धेचा असेल तर कामापुरता सोडून डब्यात नीट ठेवा.

२. हात साध्या किंवा कोमट पाण्यानं धुवा. गरम पाणी नको. साबण पूर्ण निघू द्या.

३. टिपून कोरडे करा. बोटांच्या बेचक्यांतला ओलावा राहतो, तिथे विशेष लक्ष द्या.

४. बिनवासाचं साधं क्रीम थोडंसं लावा आणि पूर्ण मुरू द्या. लॅटेक्सच्या हातमोज्याखाली पेट्रोलियम जेली किंवा तेल लावू नका, त्यानं लॅटेक्स कमजोर होतं. "बॅरियर क्रीम" नावानं विकली जाणारी क्रीमं हातमोज्याची जागा घेत नाहीत.

५. जाड रबरी हातमोज्याखाली पातळ, धुतलेला सुती आतमोजा घाला. किमान दोन जोड्या जवळ ठेवा.

वॉर्डातल्या नर्सताई आणि सफाईचं काम करणाऱ्या मावशींसाठी एक वेगळी सूचना. हातांवर दिसणारी घाण नसेल तर साबणापेक्षा अल्कोहोलचं सॅनिटायझर कातडीला सौम्य असतं. भेगा असल्या की ते झोंबतं, म्हणून ते वाईट आहे असं वाटतं. पण ओल्या सॅनिटायझरवर हातमोजा चढवू नका. हात पूर्ण वाळू द्या. ही घाई वॉर्डातल्या कितीतरी हातांचं नुकसान करते.

मास्कसाठी: क्रीम लावायचं तर मास्क घालण्याच्या किमान अर्धा तास आधी. घट्ट बसणाऱ्या मास्कखाली दाढी चालत नाही. रोज उलट्या दिशेनं खरडून केली तर केसतोड होतात, म्हणून केसांच्या दिशेनं, ओल्या त्वचेवर, शक्यतो रात्री करा. नाकाच्या हाडावर जखम होत असेल तर सिलिकॉनचा पातळ पट्टा मिळतो. कापसाची घडी किंवा रुमाल नको. बाजूनं हवा गळते आणि मास्क नावापुरता उरतो.

तपासणी: पट्टा लावल्यावर मास्क पुन्हा घालून दोन्ही हातांनी झाका आणि जोरात श्वास सोडा. डोळ्यांकडे किंवा गालांकडे हवा जाणवली, तर तो पट्टा तुमच्या कामाचा नाही.

### टप्पा ५: शिफ्ट चालू असताना

आतमोजा ओला झाला की बदला, वाळायची वाट बघू नका. हातमोजे काढण्याआधी बाहेरून धुवा. मग एका हाताची मनगटाची कड बाहेरून चिमटीत धरून हातमोजा उलटा करत काढा, आणि दुसऱ्या हाताला त्याच्या आतल्या बाजूनं बोट घालून. उघडी कातडी बाहेरच्या बाजूला लागायला नको.

मास्कचा दाब दर दोन तासांनी थोडा वेळ तरी उतरवा, पण स्वच्छ हवेच्या जागी जाऊन. प्लांटमध्येच मास्क गळ्यात ओढणं म्हणजे दाबाऐवजी केमिकल पत्करणं.

बडोद्यात मे महिन्यात पारा चाळिशीपार जातो आणि जुलैपासून हवा दमट होते, म्हणून घामोळं आणि गजकर्ण दोन्ही मिळून येतात. केमिकल सूटखाली सैल, पातळ सुती कपडे घाला आणि सुट्टीत ते बदला. टाल्कम पावडरचा थर घामात भिजून कणकेसारखा गोळा होतो आणि जांघेत घासतो, तो टाळा.

नवरात्राचं इथे सांगितलंच पाहिजे. मैदानावर अनवाणी गरबा खेळून तळव्याला फोड येतात आणि सकाळी तेच पाय सेफ्टी बुटात जातात. त्या नऊ दिवसांत कामावर निघण्याआधी पाय धुऊन, बोटांमध्ये टिपून, फोडावर स्वच्छ ड्रेसिंग लावा आणि मोज्यांची एक जोडी डब्यासोबत न्या. फोड स्वतः फोडू नका.

### टप्पा ६: सुटल्यावर धुणं

सर्वांत जास्त नुकसान इथे होतं. थिनर, रॉकेल, पेट्रोल, कपड्यांची पावडर, ब्लीच, लाकडाचा भुसा: यांतलं काहीही हातांवर नको. थिनरनं रंग निघतो तसं कातडीचं स्वतःचं तेलही निघून जातं आणि दुसऱ्या दिवशीचं केमिकल सरळ आत शिरतं. महागड्या हातमोज्यांच्या आत थिनरनं धुतलेले हात असतील, तर पुरळ उठणारच.

ग्रीस आणि तेलकट रंगासाठी थोडं खाण्याचं तेल हातांवर चोळा, स्वच्छ कापडानं पुसा, मग सौम्य साबण. कारखान्यात हात धुण्याची पेस्ट असेल तर खरखरीत कण नसलेली मागा.

धुऊन टिपल्यावर हात किंचित ओलसर असतानाच पेट्रोलियम जेली किंवा जाडसर साधं मलम लावा. लोक तळहात चोळून थांबतात. पालथी बाजू, बेचकी आणि नखांच्या कडा राहून जातात. रात्री जरा जास्त लावून वर सुती हातमोजे घाला. खोबरेल तेल न फुटलेल्या कातडीला चालेल, पण भेगांवर जेली जास्त टिकते. फुटलेल्या, लस वाहणाऱ्या कातडीवर हळद, लिंबू, कडुलिंबाचा लेप किंवा टूथपेस्ट लावू नका. घरचे मायेनं सांगतात, पण उघड्या जखमेवर यांतल्या प्रत्येकानं नवी जळजळ होऊ शकते.

ओव्हरऑल घरच्या कपड्यांबरोबर धुऊ नका. बूट पिशवीत कोंडू नका. दोन जोड्या आलटून पालटून घातल्या तर प्रत्येकीला वाळायला पूर्ण दिवस मिळतो.

### टप्पा ७: डॉक्टरकडे काय घेऊन जायचं

एवढं करूनही दोन आठवड्यांत फरक नसेल, तर त्वचारोगतज्ज्ञ. लस, पू, ताप किंवा पसरणारी सूज असेल तर त्याच दिवशी. सयाजी रुग्णालयात त्वचाविभाग आहे. विमा असलेल्या कामगारांनी आपल्या ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) दवाखान्यातून चिठ्ठी घ्यावी.

सोबत न्या: फोटो, तारखांची नोंद, न वापरलेला एक हातमोजा किंवा मास्क, खोक्यावरच्या मजकुराचा फोटो, हाताळत असलेल्या केमिकलांची माहितीपत्रकं, आणि आतापर्यंत लावलेली प्रत्येक ट्यूब. लाजून ट्यूब घरी ठेवू नका. केमिकलचा नमुना मात्र खिशातून नेऊ नका.

ॲलर्जीचा संशय असेल तर पॅच टेस्ट विचारा. पाठीवर संशयित पदार्थांच्या पट्ट्या चिकटवून ४८ तास ठेवतात. काढल्यावर एकदा आणि पुढच्या एक-दोन दिवसांत पुन्हा एकदा बघतात. दुसऱ्यांदा जाणं टाळलं तर उशिरा उठणारी ॲलर्जी निसटते. तेवढे दिवस पाठ भिजवायची नाही आणि घाम येईल असं काम नको, म्हणून रजा आधीच मागून ठेवा. स्टिरॉइडच्या गोळ्या चालू असतील तर तारीख ठरवतानाच सांगा. रक्ताच्या तपासणीनं या उशिरा येणाऱ्या ॲलर्जीचं उत्तर मिळत नाही.

इशारा: स्टिरॉइड, बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक एकत्र असलेली ट्यूब स्वतःहून लावू नका. गजकर्णावर तिनं खाज थांबते आणि बुरशी आतून पसरत राहते. वर्तुळाची कड पुसली गेल्यानं डॉक्टरलाही ओळखणं अवघड जातं. जांघेत आणि चेहऱ्यावर कातडी पातळ होते. २०१८ मध्ये अशा अनेक स्टिरॉइड क्रीमांना शेड्यूल एचमध्ये घातलं गेलं, म्हणजे ती चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. दुकानदारानं दिली तरी तुम्ही घेऊ नका.

गजकर्ण निघालं तर डॉक्टरांनी सांगितलेले सगळे दिवस औषध घ्या, खाज थांबली त्या दिवशी बंद करू नका. घरात आणखी कुणाला असेल तर उपचार एकाच वेळी व्हायला हवेत, आणि टॉवेल वेगळे.

### टप्पा ८: परत कामावर

कातडी वरून बरी दिसते तेव्हा ती आतून अजून कच्ची असते. पूर्वीसारखी ताकद यायला आणखी कित्येक आठवडे, कधी महिने लागतात. पहिल्याच दिवशी पूर्वीचे हातमोजे, पूर्वीचं धुणं आणि पूर्ण शिफ्ट सुरू केली की पुरळ परत येतं. टप्पा ४ आणि ६ चालू ठेवा.

पुरळाची नोंद प्रथमोपचार खोलीच्या रजिस्टरमध्ये करून घ्या आणि साधन बदलण्याची मागणी लेखी द्या, साध्या कागदावर, तारीख घालून, एक प्रत स्वतःकडे ठेवून. केमिकल आणि रंगांच्या थेट संपर्कानं होणारा त्वचादाह कायद्यातल्या, सरकारला कळवण्याजोग्या आजारांच्या यादीत आहे. तो "किरकोळ खाज" म्हणून झटकता येत नाही. कंत्राटी कामगारांनी तर ही नोंद नक्की करावी, कारण उद्या कंत्राटदार बदलला तर जुना त्रास दाखवायला हातात दुसरं काही नसतं.

पॅच टेस्टमध्ये ॲलर्जी निघाली असेल तर त्या पदार्थाचं नाव डॉक्टरकडून ठळक अक्षरांत लिहून घ्या आणि कागद पाकिटात ठेवा. नव्या नोकरीच्या पहिल्या दिवशी तो सुपरवायझरला दाखवा. दातांच्या डॉक्टरकडे किंवा ऑपरेशनला गेलात तर तिथेही, कारण हातमोजे तेही घालतात. आणि घरी भांडी घासायला ठेवलेली रबरी हातमोज्यांची जोडी कशाची आहे, हेही त्या कागदाशी ताडून बघा.